‘कार्वाल्यो’ आणि ‘कार्बाल्यो’ : ओक वृक्षाच्या एका नावाची व्युत्पत्ती

१. प्रास्ताविक

वृक्षनामांच्या व्युत्पत्तीचा प्रश्न भाषाशास्त्रापुरता मर्यादित नसतो. एखाद्या प्रदेशातील साहित्यात विशिष्ट वृक्षाला मातृभूमीच्या प्रतीकाचे स्थान मिळाले, की त्याच्या नावाचे मूळ हा अस्मितेचा विषय होतो; आणि मग त्या नावातून प्राचीन वंश, लुप्त धर्म व विस्मृत भाषा यांविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह पडतो. इबेरियन द्वीपकल्पाच्या वायव्य भागात ओक वृक्षासाठी रूढ असलेले नाव हे याचे बोलके उदाहरण होय. हे नाव पोर्तुगीजमध्ये ‘कार्वाल्यो’, गालिसियनमध्ये ‘कार्बाल्यो’ आणि शेजारच्या आस्तुरियनमध्ये ‘कार्बायू’ असे आहे. लॅटिन भाषेत ओकसाठी किमान दोन प्रस्थापित शब्द असताना लॅटिनपासून उद्भवलेल्या या भाषांनी त्यांपैकी एकही सामान्यनाम म्हणून प्रधान मानला नाही. ज्याला लॅटिन मूळ सापडत नाही असा शब्द त्यांनी स्वीकारला. असे का घडले, या शब्दाविषयी निश्चितपणे काय सांगता येते आणि कोठे थांबावे लागते, याचा विचार येथे केला आहे.

लिप्यंतराविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पोर्तुगीज व गालिसियन या भाषांत तालव्य ‘ल’ हा स्वतंत्र स्वनिम आहे. देवनागरीत त्यासाठी चिन्ह नसल्याने येथे तो ‘ल्य’ असा दर्शविला आहे. पोर्तुगीजमधील अंत्य ‘ओ’चा उच्चार युरोपात ‘उ’कडे झुकतो, तथापि तुलनेच्या सोयीसाठी लेखनानुसारी रूपेच दिली आहेत. ज्या रूपांपूर्वी तारांकन आहे ती लिखित स्वरूपात उपलब्ध नसून पुनर्रचित आहेत.

२. लॅटिन वारसा आणि त्याचे वाटप

लॅटिनमध्ये ओकसाठी ‘क्वेर्कुस’ आणि ‘रोबुर’ हे दोन महत्त्वाचे शब्द होते. ‘रोबुर’ या नपुंसकलिंगी शब्दात कठीण लाकूड आणि बळ असे दोन्ही अर्थ सामावले होते. रोमान्स भाषांनी या दोहोंचे वाटप असमान रीतीने केले. इटालियन ‘क्वेर्चा’ हे ‘क्वेर्कुस’च्या विशेषणरूपातून आले. कॅटलान ‘रोउरे’, इटालियन ‘रोवेरे’ आणि कॅस्टिलियन ‘रोब्ले’ यांचे मूळ ‘रोबुर’मध्ये आहे. ‘रोब्ले’मध्ये दोन ‘र’कारांपैकी दुसऱ्याचे विषमीकरणाने ‘ल’ झाले, हा रोमान्स भाषांतील परिचित बदल आहे.

फ्रेंच मात्र या मालिकेत बसत नाही. फ्रेंच ‘शेन’ या शब्दाचे मूळ गॉलिश *‘कास्सानोस’मध्ये शोधले जाते, म्हणजे ज्या केल्टिक भाषेची जागा लॅटिनने घेतली, तिच्यातील ओकचे नाव फ्रेंचमध्ये टिकून राहिले. वायव्य इबेरियातील ‘कार्वाल्यो’ हे दुसरे बेबनावाचे उदाहरण. रोमन सत्तेच्या पश्चिम टोकाकडील दोन प्रदेशांत, एकमेकांशी असंबद्ध अशा दोन शब्दांनी, एकाच वृक्षाच्या बाबतीत लॅटिनला मागे सारले, ही वस्तुस्थिती तौलनिक दृष्टीने महत्त्वाची आहे.

तथापि लॅटिन शब्द वायव्येत पोहोचलेच नव्हते असे समजणे चूक ठरेल. ‘रोबोरेतुम’ म्हणजे ओकची राई. त्यापासून बनलेली ‘रेबोरेदो’, ‘रेबोरेदा’ ही स्थलनामे गालिसिया व पोर्तुगाल या दोन्ही ठिकाणी आढळतात. गालिसियनमध्ये पिरेनियन ओकला ‘रेबोलो’ हे नाव आहे, तेही ‘रोबुर’च्या कुळातले मानले जाते. ‘क्वेर्कुस’चा अवशेष तर आणखी चमत्कारिक जागी आहे. पोर्तुगीजमध्ये ओकच्या जाती विशेषणांनी वेगळ्या केल्या जातात : ‘कार्वाल्यो-आल्वारिन्यो’, ‘कार्वाल्यो-नेग्राल’ आणि ‘कार्वाल्यो-सेर्किन्यो’. यातील ‘सेर्किन्यो’ या विशेषणाचा संबंध *‘क्वेर्किनुस’, म्हणजे ‘ओकचा’, या लॅटिन विशेषणाशी जोडला जातो. याचा अर्थ असा, की मूळच्या लॅटिन नामाला पोर्तुगीजमध्ये केवळ विशेषणाचे आसन मिळाले आणि नामाचे आसन ‘कार्वाल्यो’ने घेतले. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर ‘कार्वाल्यो-सेर्किन्यो’ म्हणजे ‘ओकी ओक’. बोलणाऱ्याला ही पुनरुक्ती जाणवत नाही, कारण दोन्ही शब्दांचे मूळ त्याच्या दृष्टीने लुप्त झालेले असते.

३. स्वनपरिवर्तनाची साक्ष

शब्दाचे मूळ अज्ञात असले तरी त्याचे प्राचीन रूप बऱ्याच अंशी निश्चित करता येते. त्यासाठी ज्यांचे मूळ ज्ञात आहे अशा शब्दांमध्ये दिसणारे नियमित संवाद पाहावे लागतात. मराठीत ‘आम्र’ ते ‘आंबा’ हा प्रवास ज्या पद्धतीने सिद्ध होतो तीच पद्धत येथे लागू पडते.

लॅटिनमध्ये ‘ल’नंतर अर्धस्वर ‘य’ आला असता त्याचे पोर्तुगीज व गालिसियनमध्ये तालव्य ‘ल्य’, आस्तुरियनमध्ये ‘य’ आणि आधुनिक कॅस्टिलियनमध्ये घर्षक ‘ह’सदृश ध्वनी होतो. पान या अर्थाच्या ‘फोलिया’ या शब्दापासून पोर्तुगीज व गालिसियन ‘फोल्या’, आस्तुरियन ‘फुएया’ आणि कॅस्टिलियन ‘ओहा’ ही रूपे मिळतात. पेंढा या अर्थाच्या ‘पालेया’पासून अनुक्रमे ‘पाल्या’, ‘पाया’ आणि ‘पाहा’ मिळतात. हाच संवाद ओकच्या नावाला लावला, तर ‘कार्वाल्यो’, ‘कार्बाल्यो’ आणि ‘कार्बायू’ यांच्या जोडीला कॅस्टिलियन ध्वनिव्यवस्थेत *‘कार्बाहो’ असे रूप अपेक्षित ठरते. सामान्यनाम म्हणून कॅस्टिलियनमध्ये ‘रोब्ले’ रूढ असले, तरी हे अपेक्षित रूप नावांमध्ये प्रत्यक्ष आढळते : कासेरेस प्रांतातील ‘कार्बाहो’ हे गाव, सामोरा प्रांतातील ‘कार्बाहालेस दे आल्बा’ हे गाव, आणि ‘कार्वाहाल’ हे सुप्रसिद्ध आडनाव, ज्याचा मूळ अर्थ ओकची राई असा होतो. चारही भाषांतील रूपे एका नियमात बसतात. यावरून हा शब्द रोमान्स भाषा परस्परांपासून विलग होण्यापूर्वीच त्या प्रदेशातील बोलीभाषेत प्रविष्ट झालेला होता, हे सिद्ध होते. तो एका भाषेतून दुसरीत मागाहून गेला असता, तर हे संवाद असे नियमित राहिले नसते.

येथे एक भ्रम टाळला पाहिजे. गालिसियन लेखनात ‘कार्बाल्यो’मधील तालव्य ध्वनी दुहेरी ‘एल’ने दर्शविला जातो, आणि कॅस्टिलियनमध्ये घोडा या अर्थाचा ‘काबाल्यो’ हा शब्दही दुहेरी ‘एल’नेच लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही शब्द एका साच्याचे वाटतात. पण कॅस्टिलियनमधील हा ध्वनी लॅटिनच्या द्वित्त ‘ल्ल’पासून आला आहे आणि त्या द्वित्ताचे पोर्तुगीज-गालिसियनमध्ये साधे ‘ल’ होते : पोर्तुगीज ‘कावालो’, गालिसियन ‘काबालो’. म्हणून ओकच्या नावात मुळात द्वित्त ‘ल्ल’ असणे शक्य नाही. तसे असते तर पोर्तुगीजमध्ये *‘कार्वालो’ हे रूप दिसले असते.

असे असले तरी स्वनपरिवर्तनाची साक्ष एका ठिकाणी दोन वाटा मोकळ्या ठेवते. लॅटिन ‘क्ल’ या संयोगाचाही परिणाम या चारही भाषांत तोच होतो : ‘ओकुलुस’पासून पोर्तुगीज व गालिसियन ‘ओल्यो’, आस्तुरियन ‘ग्वेयू’, कॅस्टिलियन ‘ओहो’. त्यामुळे मूळ रूप *‘कार्बालियुम’ या धर्तीचे मानायचे की *‘कार्बाकुलुम’ या धर्तीचे, याचा निर्णय या चार रूपांवरून होत नाही. तसेच पोर्तुगीजमध्ये ‘र’नंतरचा ‘ब’ आणि ‘व’ यांचा संगम झाला आहे. ‘आर्बोर’चे ‘आर्वोरे’ होते, तर ‘सेर्वुस’चे ‘सेर्वो’ राहते. म्हणून केवळ पोर्तुगीज रूपावरून मूळ धातुरूप ‘कार्ब-’ की ‘कार्व-’ हेही ठरत नाही. त्यासाठी शेजारच्या बोलींकडे वळावे लागते.

४. ‘कार्ब-’ हे मूळ आणि त्याचे आप्त

सालामांका परिसरातील ग्रामीण कॅस्टिलियनमध्ये ‘कार्बा’ हा शब्द दाट झुडपी रानासाठी आणि ‘कार्बिसो’ हा शब्द ओकच्या एका प्रकारासाठी नोंदलेला आहे. ‘कार्बा’, ‘कार्बिसो’ आणि ‘कार्बाल्यो’ ही रूपे एकत्र ठेवली, की ‘कार्ब-’ हे मूळ आणि त्याला जोडलेले निरनिराळे प्रत्यय सहज विलग होतात. अर्थाच्या दृष्टीनेही या तिन्ही शब्दांत सुसंगती आहे : फांद्यांची दाटी, झुडपांची दाटी, आणि त्या दाटीतला मुख्य वृक्ष. म्हणूनच जोआन कोरोमिनेस यांच्या व्युत्पत्तिकोशांच्या परंपरेत हा शब्द ‘फांदी’ किंवा ‘झुडूप’ या अर्थाच्या रोमनपूर्व मुळाशी जोडला जातो. एकेकट्या झाडाला नाव देण्याऐवजी प्रथम वनस्पतींच्या समूहाला नाव मिळावे आणि त्यातून झाडाचे नाव निष्पन्न व्हावे, हा क्रम अर्थपरिवर्तनाच्या दृष्टीने अस्वाभाविक नाही.

या शब्दाचा भौगोलिक विस्तारही तेच सुचवितो. पोर्तुगाल, गालिसिया, आस्तुरियास, लेओन, सामोरा, सालामांका आणि कासेरेस हा द्वीपकल्पाचा पश्चिम पट्टा म्हणजे या कुळाचे क्षेत्र. पूर्वेकडील कॅटलान प्रदेशात त्याचा मागमूस नाही. स्थलनामांत तर त्याची विपुलता डोळ्यांत भरते : गालिसियातील ‘कार्बाल्यो’, ‘ओ कार्बाल्यिन्यो’, ‘कार्बाल्येदो’, ‘कार्बाल्येदा’, पोर्तुगालमधील ‘कार्वाल्याल’, ‘कार्वाल्याइस’, ‘कार्वाल्योसा’, ‘कार्वाल्यिदो’. आस्तुरियासची राजधानी ओविएदो येथील रहिवाशांना ‘कार्बायोनेस’ म्हटले जाते, ते शहरातील एका प्रचंड ओकमुळे. रस्त्याच्या विस्तारासाठी १८७९ मध्ये तो वृक्ष तोडण्यात आला. लोकांचे नाव मात्र राहिले.

५. तीन आकर्षक पण अग्राह्य स्पष्टीकरणे

पहिले स्पष्टीकरण कोळशाचे. पोर्तुगीजमध्ये कोळशाला ‘कार्वाओं’ आणि गालिसियनमध्ये ‘कार्बोन’ म्हणतात. ओकचे लाकूड कोळशासाठी उत्तम. तेव्हा ‘कार्वाल्यो’ म्हणजे कोळशाचे झाड, असा समज सहज होतो. मात्र तो टिकत नाही. लॅटिन ‘कार्बो’ या शब्दाचे प्रातिपदिक ‘कार्बोन-’ असे आहे आणि साधित शब्दांत त्यातील ‘न’ कायम असतो. कोळसेवाला या अर्थाच्या ‘कार्बोनारियुस’पासून कॅस्टिलियनमध्ये ‘कार्बोनेरो’ झाले. पोर्तुगीज व गालिसियनमध्ये दोन स्वरांमधील ‘न’चा लोप होत असल्याने ‘कार्वोएइरो’ आणि ‘कार्बोएइरो’ झाले. पोर्तुगीजपुरते पाहिले तर ‘कार्वाल्यो’मध्येही ‘न’ लोपला असेल असे कोणी म्हणू शकेल. पण कॅस्टिलियन ध्वनिव्यवस्थेत असा लोप होत नाही, आणि तेथील ‘कार्बाहो’, ‘कार्वाहाल’ या रूपांत ‘न’ किंवा ‘ओ’ यांचा लवलेशही नाही. एका भाषेच्या आत शंका राहते, ती शेजारच्या भाषेच्या साक्षीने दूर होते. तुलनेची उपयुक्तता ती हीच.

दुसरे स्पष्टीकरण केल्टिक द्रुइदांचे. एकोणिसाव्या शतकात मानुएल मुर्गीया (१८३३–१९२३) यांच्यासारख्या इतिहासकारांनी गालिसियाची वेगळी ओळख केल्टिक मुळांवर उभी केली, आणि एदुआर्दो पोंदाल यांच्या काव्याने त्या कल्पनेला भाट-गायकाचा स्वर दिला. प्लिनीने आपल्या ग्रंथाच्या सोळाव्या खंडात द्रुइदांचा ओकशी असलेला संबंध वर्णिला आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या, की ‘कार्बाल्यो’ हे केल्टिक पवित्र वृक्षाचे नाव आहे असे म्हणण्यास फारसा वेळ लागत नाही. परंतु केल्टिक भाषांतील ओकची नावे ज्ञात आहेत : आयरिश ‘दाइर’, वेल्श ‘देर्व’ आणि गॉलिश *‘कास्सानोस’. ‘कार्बाल्यो’ यांपैकी कशाशीही जुळत नाही. शब्दाला लॅटिन मूळ नाही एवढ्यावरून तो केल्टिक ठरत नाही.

या संदर्भात ‘रोमनपूर्व’ या संज्ञेचा अर्थ नेमका ध्यानात घेणे अगत्याचे आहे. ‘रोमनपूर्व’ हे कोणत्याही भाषेचे नाव नव्हे. ते कालनिर्देशक विशेषण आहे. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला केल्टिक बोलींबरोबरच लुसितानियन भाषाही होती. लामास दे मोलेदो, काबेसो दास फ्रागुआस आणि आरोयो दे ला लुस येथील शिलालेखांवरून ती इंडो-युरोपीय असल्याचे दिसते. परंतु तीत शब्दारंभीचा ‘प’ टिकून आहे. डुकराच्या अर्थाचा ‘पोर्कोम’ हा शब्द याचा दाखला होय. केल्टिक भाषांत हा ‘प’ लोपलेला असल्याने लुसितानियनला केल्टिक म्हणावे की नाही, यावर मतभेद आहेत. ‘कार्ब-’ हे मूळ यांपैकी कोणा एका भाषेचे असू शकते, किंवा त्यांच्याही आधीच्या एखाद्या अनाम भाषास्तराचे असू शकते.

उलटपक्षी, ज्या वृक्षनामाची केल्टिक व्युत्पत्ती खरोखरच भक्कम आहे ते ओकचे नसून भूर्जाचे आहे. गालिसियन ‘बिदुएइरो’ व पोर्तुगीज ‘विदोएइरो’ यांचा संबंध ‘बेतुला’, ‘बेतुल्ला’ या रूपांशी आहे. भूर्ज हा गॉलचा वृक्ष असल्याचे प्लिनी सांगतो, आणि वेल्श ‘बेद्व’ व आयरिश ‘बेहे’ हे शब्द त्याला दुजोरा देतात. असे असूनही भूर्जाभोवती राष्ट्रीय प्रतिमेचे वलय निर्माण झाले नाही. प्रतीकाची निवड व्युत्पत्तीच्या पुराव्यावर होत नसते, हे यातून दिसते. पोंदाल यांच्या ज्या कवितेतून गालिसियाचे राष्ट्रगीत सिद्ध झाले, तीत बोलणारे वृक्ष तर पाइन आहेत, आणि पाइनचे नाव निःसंशय लॅटिन आहे.

तिसरे स्पष्टीकरण रानटी व लागवडीच्या वृक्षांमधील भेदाचे. फळझाडांची नावे रोमनांनी आणलेल्या बागायतीबरोबर आली म्हणून ती लॅटिन, आणि रानातले झाड स्थानिकांचे म्हणून त्याचे नाव स्थानिक, असा हा युक्तिवाद. त्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. पोर्तुगीजमधील ‘पेरेइरा’ (नासपतीचे झाड), ‘फिगेइरा’ (अंजिराचे झाड), ‘ओलिवेइरा’ (ऑलिव्हचे झाड) ही फळझाडे फळाच्या नावाला लॅटिन ‘-आरिया’ प्रत्ययाचे ‘-एइरा’ हे रूप जोडून बनली आहेत. सफरचंदाच्या ‘मासिएइरा’मागे तर ‘मात्तियाना’ ही एका फळजातीची लॅटिन संज्ञा आहे. पण उत्तरार्ध ढासळतो. ‘फ्रेइशो’ (अॅश), ‘तेइशो’ (यू), ‘साल्गेइरो’ (वाळुंज), ‘लोउरेइरो’ (लॉरेल) हे सारे रानातलेच वृक्ष असून त्यांची नावे लॅटिन आहेत. बुचाच्या ओकला ‘सोब्रेइरो’ म्हणतात, तेही लॅटिन ‘सुबेर’वरून. म्हणजे ओकच्याच कुळातील एका वृक्षाला लॅटिन नाव मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही. रानटीपणा हे त्याचे पुरेसे कारण होऊ शकत नाही.

६. उसनवारी की अवशेष?

मग हा शब्द टिकला कसा? या प्रश्नाची मांडणीच काळजीपूर्वक करावी लागते. ‘लॅटिनने हा शब्द उसना घेतला’ असे म्हटले, की उसना घेणारा रोमन आहे असे गृहीत धरले जाते. परंतु ओक रोमनांना अपरिचित नव्हता. त्याच्यासाठी त्यांच्याकडे शब्द होते. घरात असलेली वस्तू शेजाऱ्याकडून मागण्याचे कारण काय?

सोळाव्या शतकात पोर्तुगीज भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आले, तेव्हा जे घडले ते याहून वेगळे होते. आंबा, फणस आणि साग त्यांच्या देशात नव्हते. म्हणून ‘मांगा’, ‘जाका’ आणि ‘तेका’ हे शब्द त्यांनी मलयाळम भाषेतून घेतले. येथे वस्तूबरोबर शब्द आला, आणि घेणारा नवागत होता. गार्सिया द ओर्ता यांनी १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील संवादग्रंथ अशा नावांच्या ऊहापोहाने भरलेला आहे. ही खरी उसनवारी होय.

‘कार्वाल्यो’ची गती उलट दिशेची आहे. देसिमुस युनियुस ब्रुतुस याच्या मोहिमेने (इ. स. पूर्व १३८–१३६) रोमन सैन्य गालिसियाच्या भूमीपर्यंत पोहोचले, आणि ऑगस्टसच्या कांताब्रियन युद्धांनंतर (इ. स. पूर्व २९–१९) वायव्य प्रदेश पूर्णपणे रोमन अमलाखाली आला. त्यानंतरच्या शतकांत बहुसंख्य स्थानिकांनी आपली भाषा सोडून लॅटिन आत्मसात केली. भाषा बदलताना त्यांनी प्रशासन, कायदा, व्यापार, अंक, नाती यांचे शब्द नवे घेतले. परंतु घराजवळच्या राईचे, शिवेवरच्या झाडाचे नाव तसेच राहू दिले. हा शब्द लॅटिनने घेतलेला नसून लॅटिन बोलू लागलेल्यांनी न टाकलेला शब्द आहे. उसनवारी आणि अवशेष यांतील हा भेद फ्रेंच ‘शेन’लाही लागू पडतो. दोन्ही ठिकाणी भाषांतर झाले ते समाजाचे; शब्द जागेवर राहिला.

या मांडणीने स्थलनामांचा प्रश्नही सुटतो. ‘रेबोरेदो’ आणि ‘कार्बाल्येदो’ ही समानार्थी स्थलनामे एकाच प्रदेशात नांदतात. प्रस्थापित लॅटिन आणि स्थानिक सवय यांचे दीर्घकालीन सहअस्तित्व त्यांत गोठलेले आहे. सामान्यनामाच्या पातळीवर अखेरीस ‘कार्बाल्यो’ची सरशी झाली, तर कॅस्टिलमध्ये ‘रोब्ले’ची.

७. लेखन, अस्मिता आणि साहित्य

रोसालिया दे कास्त्रो (१८३७–१८८५) यांच्या लेखनात या दुहेरी वारशाचा साहित्यिक परिणाम दिसतो. ‘कांतारेस गालेगोस’ (१८६३) आणि ‘फोल्यास नोवास’ (१८८०) हे त्यांचे गालिसियन संग्रह. तर ‘एन लास ओरिल्यास देल सार’ (१८८४) हा कॅस्टिलियन संग्रह. या शेवटच्या संग्रहात गालिसियातील ओकच्या तोडीचा शोक करणारी कविता आहे आणि तिचे शीर्षक ‘लोस रोब्लेस’ असे आहे. शोक ज्या वृक्षांचा आहे त्यांना त्या भूमीत ‘कार्बाल्यो’ म्हणतात. कवितेत मात्र त्यांना कॅस्टिलियन, म्हणजे अंतिमतः लॅटिन, नाव मिळते. वृक्ष तोच, पण भाषा बदलताच त्या नावातील रोमनपूर्व स्तर पुसला जातो. मराठी अनुवादक दोन्ही ठिकाणी ‘ओक’च लिहील, आणि त्याला दुसरा पर्यायही नाही; तथापि हा भेद टीपेत नोंदविला नाही तर कवयित्रीच्या द्वैभाषिकतेचे एक अंग वाचकाच्या दृष्टीआड राहते.

विसाव्या शतकात या शब्दाच्या लेखनाला आणखी एक अर्थ प्राप्त झाला. पोर्तुगीजने तालव्य ‘ल’साठी ‘एल-एच’ ही जोडी तेराव्या शतकात ओक्सितान लेखनपद्धतीवरून स्वीकारली. आधुनिक गालिसियनने कॅस्टिलियनप्रमाणे दुहेरी ‘एल’ वापरला. १९८२ मध्ये प्रमाणित झालेल्या गालिसियन लेखननियमांत दुहेरी ‘एल’ कायम राहिला. गालिसियन व पोर्तुगीज या एकाच भाषेच्या शाखा आहेत असे मानणाऱ्या पुनरेकीकरणवाद्यांना हे मान्य नव्हते. त्यांचे अग्रणी रिकार्दो कार्बाल्यो कालेरो (१९१०–१९९०) हे सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातील गालिसियन भाषा व साहित्याचे पहिले प्राध्यापक (१९७२) आणि समकालीन गालिसियन साहित्याच्या इतिहासाचे कर्ते (१९६३). उत्तरायुष्यात त्यांनी आपले आडनाव पोर्तुगीज पद्धतीने ‘एल-एच’ घालून लिहिण्यास सुरुवात केली. उच्चार बदलला नाही. केवळ दोन अक्षरे बदलली. त्या दोन अक्षरांत गालिसियन भाषेचे भवितव्य कोणाशी जोडावे, या वादाची एक बाजू सामावली होती. २०२० सालचा गालिसियन साहित्य दिन त्यांना समर्पित झाला, तेव्हा हा वाद पुन्हा ऐरणीवर आला. व्युत्पत्तीने या वादाचा निकाल लागत नाही. मूळ एक आहे एवढेच ती सांगते. एका मुळातून आलेल्या दोन बोलींनी एकत्र लिहावे की वेगळे, हा निर्णय समाजाचा असतो.

८. भारतीय किनाऱ्यावरील नाव

हे नाव भारतातही पोहोचले, पण वृक्षाविना. गोवा (१५१०) आणि वसई (१५३४) येथील पोर्तुगीज सत्तेच्या काळात बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावे दिली गेली, आणि परेरा, ऑलिवेरा, नोगेरा यांच्याबरोबर हे आडनावही कोकणपट्टी व मंगळूर परिसरात रुजले. मराठीत ते ‘कार्व्हालो’, ‘कार्वाल्हो’ असे लिहिले जाते. यातील ‘ल्ह’ ध्यान देण्याजोगा आहे. मराठीत ‘कोल्हा’, ‘कोल्हापूर’ या शब्दांतील ‘ल्ह’ हा महाप्राणयुक्त ध्वनी आहे. पोर्तुगीज ‘एल-एच’ मात्र तालव्यत्वाचे चिन्ह आहे, तेथे ‘ह’चा उच्चारच नाही. ‘कार्वाल्हो’ हे त्यामुळे कानाने ऐकलेले नसून डोळ्याने वाचलेले लेखन ठरते.

अशी वृक्षवाचक आडनावे धर्मांतरित ज्यूंची खूण आहेत, असा एक समज पोर्तुगालप्रमाणेच भारतातही ऐकू येतो. तो स्वीकारता येत नाही. ही आडनावे बहुतांशी स्थलनामांवरून आली आणि सर्व थरांतील कुटुंबांत आढळतात. पोंबालचे मार्किस सेबास्तियाओं जोसे दे कार्वाल्यो ए मेलो (१६९९–१७८२) हे त्याचे एक ठळक उदाहरण. धर्मांतरितांनी ती घेतली, परंतु ती त्यांचीच नव्हती.

कन्नड साहित्यात पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या ‘कर्वालो’ (१९८०) या कादंबरीतील शास्त्रज्ञाला हेच नाव आहे आणि तो पश्चिम घाटाच्या अरण्यात एका दुर्मीळ उडत्या सरड्याच्या शोधात निघतो. अरण्यात शिरणाऱ्या या माणसाच्या नावाचा मूळ अर्थ ओक असणे हा चकित करणारा योगायोग आहे. पण या प्रदेशात ‘कर्वालो’ हे किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती समाजाचे एक परिचित आडनाव असते, वृक्षाचे नाव नव्हे. व्युत्पत्तीतून प्रतीकार्थ काढण्यापूर्वी तो अर्थ त्या भाषासमाजात जिवंत होता काय, हे पाहणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून चार गोष्टी स्थिर मानता येतात. ‘कार्वाल्यो’ आणि ‘कार्बाल्यो’ हे एकाच प्राचीन शब्दाचे नियमित परिणाम असून त्यांत मूळचा द्वित्त ‘ल्ल’ नव्हता. तो शब्द ‘कार्ब-’ या पश्चिम इबेरियन मुळापासून बनला असून कोळशाच्या लॅटिन नावाशी त्याचा संबंध नाही. तो रोमनपूर्व आहे, परंतु केल्टिक असल्याचे सिद्ध झालेले नाही. आणि तो लॅटिनने घेतलेला नसून, भाषा बदलणाऱ्या समाजाने मागे ठेवलेला आहे.

यातील तिसरा मुद्दा तौलनिक साहित्याभ्यासकाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचा आहे. शब्दाच्या मुळाविषयी जेथे पुरावा संपतो तेथेच बहुधा साहित्यिक कल्पनाशक्ती सुरू होते. गालिसियाच्या कवींनी आपल्या राईत प्राचीन भाट आणि पुरोहित पाहिले. ती त्यांची निर्मिती होय आणि त्या नात्याने ती अभ्यसनीय आहे. तिला व्युत्पत्तीचा पुरावा समजणे जितके चूक, तितकेच व्युत्पत्तीचा पुरावा नाही म्हणून तिला निरर्थक ठरविणेही चूक. या दोहोंची क्षेत्रे निराळी आहेत हे ओळखले, म्हणजे एका झाडाच्या नावातून जे वाचता येते ते आणि जे त्यात घातले गेले आहे ते, दोन्ही स्वतंत्रपणे समजून घेता येतात.